आधी पोट, मग वारा

अंबडच्या शेडमध्ये, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात
निसारभाईनं कॉन्टेसाची टाकी उतरवली.
आत चाळीस वर्षांचा गंज, चहाच्या गाळासारखा.

"टर्बो नंतर. आधी हिचं पोट.
वारा काय, कुणीही भरेल.
त्याला पुरेल एवढं पेट्रोल नाही पोचलं
तर पिस्टन वितळतो, हूं की चूं न करता."

मग पंप, नवी नळी, चार इंजेक्टर
तळहातावर तोलले त्यानं, लवंगा तोलाव्यात तसे.
जुना कार्बोरेटर मी वर्तमानपत्रात गुंडाळला.
टाकवेना.

पहाटे त्र्यंबक रस्त्याला, महिरावणीच्या पुढे,
काटा तीन हजारांवर
आणि बॉनेटखालून बारीक शीळ.
मी हसलो.
निसारभाई मीटरकडेच बघत होता.
"अजून उपाशी आहे," म्हणाला. "पाय काढ."