तिसऱ्याचा रंग

मिरज रोडला, विश्रामबागच्या अलीकडं,
इरफान शिकलगारचं जुन्या गाड्यांचं अंगण.
फाटकातच तो म्हणाला, "आवटी, पांढरी घ्या.
डोळे झाकून पांढरी.
पाच वर्षांनी मलाच आणून द्या,
दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक उभं करतो."

घ्यायच्या आधीच विकायची गोष्ट.
मला त्यात वावगं काही वाटलं नाही.
मी तासगावात बेदाण्याचा दलाल,
सव्वीस वर्षं रंगावरच जेवतोय.
हिरवा आला की बोली चढते,
पिवळा गंधकाची धुरी घेऊन मधेच कुठंतरी खपतो,
काळा पेटीत ओशाळून बसतो.
चव कुणी विचारत नाही असं नाही,
विचारतात, भाव ठरल्यावर.

पांढऱ्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला.
पुरातली असली तर गाळ तिथं सापडतो,
बाकी सगळं धुता येतं.
पट्टा टोकापर्यंत कोरा.

त्रिशला मागच्या रांगेत, पत्र्याच्या शेडखाली,
एका निळ्या गाडीपाशी थांबलेली.
निळी म्हणजे मोरचुदाची निळी,
फवारणी झाल्यावर हौदाच्या काठाला वाळून राहते तशी.
सावळजला, तिच्या माहेरी,
वडलांच्या एका शर्टाचा रंग कायमचा तसा झाला होता,
आणि तो शर्ट तिच्या आईनं कधी पायपुसणं केला नाही.

"आठ महिने पडून आहे," शिकलगार म्हणाला.
"डॉक्टरीणबाईंची, एकहाती, इंजिन खणखणीत.
तीस हजार कमी करतो. पण रंग..."
आणि त्यानं हात असा हलवला
जसा मी काळ्या पेटीवरून हलवतो.

तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला,
आमच्यानंतर ही गाडी घेणारा माणूस.
विट्याचा असेल, जतचा असेल.
निळा त्याला पसंत नव्हता,
त्याच्या मेव्हण्याला तर अजिबातच नव्हता.
पैसे माझे, मत त्याचं.
पांढरीची चावी घेतली.
येताना त्रिशला पुढं बसली खरी,
पण पुढची सीट त्याचीच होती.

माधवनगर गेलं, कवलापूर गेलं.
कुमठे फाट्यावर ती काचेकडं बघत बोलली,
"तीस कमीनं घेतली असती,
विकताना तीस कमी आले असते.
मग गेलं काय?"
मी गिअर बदलला.
कवठे एकंद आलं तरी
मला त्या हिशेबात चूक सापडली नव्हती.
अजून शोधतोय.

आमच्या घरी डब्यात बेदाणा काळाच असतो.
गोड लागतो, स्वस्त पडतो.
हे मी तेव्हा बोललो नाही.
डबा तीच भरते.

सहा वर्षं पांढरी धुतली, जपली,
बाभळीखाली लावली नाही,
कुत्री बॉनेटवर चढू दिली नाहीत,
परक्याचं मूल सांभाळावं तशी.
विकायची वेळ आली तेव्हा
शिकलगार टाइल्सच्या धंद्यात शिरला होता.
गिऱ्हाईक ओळखीतूनच आलं,
आणि खरोखर जतचं निघालं.
"पांढरी आहे कळलं, म्हणून आलो," म्हणाला.
सीटबेल्ट टोकापर्यंत ओढला.
म्हटलं, माणूस जाणता आहे.

त्याची बायको गाडीत बसली नाही.
बॉनेटवरची धूळ तिनं एका बोटानं पुसली
आणि गाडी सोडून बोटाकडंच बघत राहिली.
त्रिशलानं तिला चहा दिला.
दोघी पायरीवर बसून काहीतरी बोलल्या,
मग हसल्या, जरा जास्तच वेळ.
मला ऐकू आलं नाही,
मी नोटा मोजत होतो.

धरले होते त्यापेक्षा चार हजार जास्त आले.
पुन्हा मोजले.
तेवढेच.