चाळीस मायक्रोसेकंद

इनारीहून मोरोत्तायाबाईंचा फोन:
सतरा नंबरचा रेनडियर पुन्हा गप्प.
"उणे तीसच्या खाली गेलं की
तुमचा पट्टा माझ्या दिरासारखा वागतो.
हाक मारली की उठतो,
आणि उठता उठताच पडतो."

इथे ओउलूत, माझ्या टेबलावर तोच बोर्ड.
तीन दिवस झाले, शिंकतसुद्धा नाही.
खोलीत बावीस अंश. हाताशी कॉफी.
ज्याचं गोठतं त्यालाच कळतं.

शेवटी बोर्ड पिशवीत घालून बाल्कनीत टांगला,
दाराच्या फटीतून तारा आत ओढल्या
आणि मोजे घालून ऑसिलोस्कोपसमोर बसले.

चिप झोपलेली. तीनशे मेगाहर्ट्झ, पाऊण व्होल्ट,
धुगधुगी म्हणावी इतकीच.
तास भरतो. उपग्रहाला ठावठिकाणा सांगायचा असतो.
कर्नल म्हणतो, ऊठ. बाराशे.

नियम शाळकरी आहे, मीच लिहिलाय:
चढताना आधी दाब, मग वेग.
उतरताना आधी वेग, मग दाब.
म्हणजे काय, आधी पोटोबा.

क्रम बरोबर होता. चारदा वाचला.
चूक होती मधल्या थांबण्यात.
दाब मागितल्यावर चाळीस मायक्रोसेकंद थांब,
हा आकडा मी उचललेला
डेटाशीटमधल्या पंचवीस अंशांच्या रकान्यातून,
जूनमध्ये, खिडकी उघडी असताना.

बाल्कनीतला कपॅसिटर काही जूनमध्ये नव्हता.
पडद्यावर दाबाची रेघ चढत होती,
चढतच होती,
आणि ती अर्ध्या वाटेवर असताना
घड्याळ बाराशेने धावत सुटलं.
कुठलासा एक बिट चुकीचा वाचला गेला असणार.
कुठला, ते कळायला मार्ग नाही.

चाळीसचे एकशे साठ केले. एवढंच.
तौनोने तपासताना विचारलं, इतकं कशाला?
बॅटरी फुकट जाते.
मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला:
दिवसाला चोवीस वेळा उठणं,
दर वेळी एकशे वीस मायक्रोसेकंद जास्त.
वर्षाकाठी एक सेकंद.
लिहिलं: एका जनावरामागे एवढं थांबू.
तो काही बोलला नाही. मंजूर केलं.

अठरा बोलतो. एकोणीस, वीस बोलतात.
सतराला शोधायला मोरोत्तायाबाई स्नोमोबिल घेऊन गेल्यात,
नवा पट्टा कोटाच्या आत, अंगाशी धरून.

बोर्ड घरात आणला. त्यावर दव धरलं.
ते वाळेपर्यंत वीज लावायची नसते.
कॉफी पुन्हा गरम केली.