टवक्याचा ग्लास

माझं नाव त्यांनी कापलंय
अगदी नीट, पट्टी लावून कापावं तसं,
आणि पानभर तिरका शिक्का मारलाय :
यशाची खात्री, फक्त एकशेवीस लिरा.
बाकी सगळं माझंच.
मूत्रपिंडाची निळी आकृती, जरा कललेली,
कारण त्या रात्री कार्समध्ये वीज गेली होती
आणि टॉर्च दातांत धरून मी नलिका काढत होते.
‘गाळणे’ हा शब्द दोनदा, एकदा चुकून.
कोपऱ्यात चहाच्या ग्लासाचा गोल डाग,
एका बाजूला तुटलेला.
तो कापायचा राहिला.

अकरा हिवाळे लिहिल्या ह्या नोट्स
नर्सिंगच्या मुलींसाठी, ज्यांना जाडं पुस्तक परवडत नव्हतं.
झेरॉक्सचेही पैसे घेतले नाहीत कधी.
ग्युल्फेर म्हणते, दिलेलं दान मोजू नये.
दान मी दिलं, बाई.
दुकान कुणी मांडलं?

तक्रार केली.
त्यांनी विचारलं, हे तुमचंच, याला पुरावा काय?
मी फडताळातला ग्लास काढला,
बुडाला टवका उडालेला.
डागाशेजारी ठेवून फोटो काढला, पाठवला.
नवव्या दिवशी पानं उतरली.
दहाव्या दिवशी दुसरीकडे चढली,
आता शिक्का हिरवा.

काल अर्दाहानहून निरोप आला, सेवजान नावाच्या मुलीचा.
डायलिसिस विभाग, रात्रपाळी.
“पैसे भरले, पण सदतिसावं पान आलंच नाही.
अक्षर तुमचंच ना, होजा?
माझी बहीण तुमच्या वर्गात होती,
तिच्या वहीत असंच होतं.”

पैसे भरले. माझ्याच पानांचे.
फोन उपडा ठेवून बसून राहिले.
बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं,
थांबत होतं, पुन्हा ओढत होतं.
सदतीस म्हणजे पोटॅशियम.
ते वाढलं की हृदय कसं अडखळतं,
आणि डॉक्टर येईपर्यंत काय काय बघायचं.
पहाटे तीनला वॉर्डात एकटी मुलगी
आणि तेवढंच पान नाही.

ट्रंकेतून मूळ कागद काढला.
सही करणार होते. पण कापतील.
मग चहा ओतला, थोडा सांडू दिला,
आणि ग्लास बशीत न ठेवता
ठेवला पानाच्या मधोमध, आकड्यांवरच,
जिथून कापायला गेलं
तर विकायला काही उरणार नाही.

आकडे वाचता येतायत ना, तेवढं पाहिलं
आणि पाठवून दिलं.