एप्सिलॉन मोठ्यानं म्हणा

रिअल अॅनालिसिसमध्ये मी दोनदा नापास,
म्हणून खडू माझ्या हातात.
लोमेश म्हणाला, "तुले माईत आहे ना पाय कुठी घसरते,
तं मंग तूच सांग."
वंदना पहिल्या फटक्यात पास. तिला सगळं येतं,
पण सांगायला लागली की पायऱ्या गाळते,
आपल्याच घरात अंधारातून पाण्याच्या माठाकडं
चालत जावं, तशी.

तासिकेवरचे सर मंगळवारी येतात चंद्रपूरहून,
फळा भरतात, पुसतात, साडेतीनची बस धरतात.
त्यांना बोल लावत नाही मी.
तासाचे पैसे कधी मिळतात, त्यांनाही ठाऊक नाही.

गुरुवारी दुपारी लाइन नसते, गिरणी थांबलेली असते.
मागच्या पडवीत कोंड्याचा ढीग, ढिगावर कोंबड्या,
आणि गोदामाचं पत्र्याचं दार हाच आमचा फळा.
त्यावर आधीच कुणीतरी रंगवलंय: जाड धान इकडे.
त्याच्या खाली मी लिहिते:
शून्याहून मोठ्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी
एक डेल्टा असा असतो की
आणि खडू तुटतो. शीतल शिंकते.

"पण म्हंजे काय?" टिकेश विचारतो.
दोन वर्षं हाच प्रश्न
मी दप्तरात घेऊन फिरले. विचारला नाही.

वजनकाट्यापाशी देवाजीमामा पोतं भरत असतात.
मामा, पन्नास किलोला फरक किती चालेल?
"अर्धा किलो, इकडं नाही तं तिकडं."
नको, शंभर ग्रॅम.
मामा ओंजळीनं टाकतात, ओंजळीनं काढतात.
दहा ग्रॅम.
आता मुठीनं.
एक ग्रॅम, मामा.
चिमटीत चार-सहा दाणे धरून ते माझ्याकडं बघतात:
"अवो पोरी, दाने मोजाले लावतेस का आता?"

होय मामा. हेच.
आधी गिऱ्हाईक बोलणार, किती फरक चालेल ते.
मग आपण ठरवणार, ओंजळ, मूठ का चिमूट.
आधी तो, मग आपण.
मी दोन वर्षं पेपरात
आधी चिमूट धरत होते आणि मग गिऱ्हाईक शोधत होते.

टिकेश कोंड्यावर बसला तो बसलाच.
मग म्हणाला, "हात्तिच्या."

तेवढ्यात वंदना:
"पण दाण्याच्या पुढं? अर्धा ग्रॅम, पाव ग्रॅम करता करता
एक दाणा उरला, आणि गिऱ्हाईक त्याहून कमी मागते, तर?"
इथं माझं उदाहरण संपलं.
मामांचंही संपलं, ते बिडी पेटवायला बाहेर गेले.
आम्ही पाचजण त्या एका दाण्याभोवती उकिडवे.
वंदनाला पहिल्यांदाच पाहिलं मी
अंधारात हात पुढं करून चाचपताना.

पाचला उठावंच लागतं.
नाल्याच्या अंगाला वाघीण आहे, दोन पिल्लांची.
गार्डनं सांगितलंय: एकटे फिरू नका, बोलत चला,
माणसं येतात हे तिला आधी कळू द्या.
बोलायला दुसरं काय आहे आमच्याकडं? परीक्षा अठरा तारखेला.
म्हणून लोमेश ओरडतो, "प्रत्येक एप्सिलॉनसाठीऽ"
आणि आम्ही, सायकली हातात धरून,
"एक डेल्टा असा असतोऽ"
बांधावरचे बगळे उठतात.
समोरून शेळ्या घेऊन येणारी बाई विचारते,
"कोनाच्या लग्नाचं हाय वो?"

पहिल्या फाट्यावर टिकेश आणि लोमेश वळतात,
शाळेपाशी वंदना, तिचा भाऊ काठी घेऊन उभा असतो.
मग शीतल आणि मी. मग मोहाच्या झाडापाशी
तिची वाट उजवीकडं, माझी सरळ,
दोघींची घरं दिसतात, पण मधला तुकडा उरतोच.
मी ओरडते: प्रत्येक एप्सिलॉनसाठी.
तिकडून येतं, एक डेल्टा.
चार पावलं टाकून पुन्हा ओरडते.
येतं, पण बारीक.
पुन्हा.
आणखी बारीक. पण येतं.
आमच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागतो,
त्याच्या दोन भुंकण्यांच्या मधे
मी कान देऊन उभी राहते.