चार नंबर

मागच्या मंगळवारी व्हेयो तीन जिने चढून आला,
बुटांवरचा बर्फ दाराबाहेर झटकला आणि म्हणाला,
"आलीसा, तुझ्या बँडचं काही सामान उरलंय का?"
त्याच्या संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून
गाण्याबरोबर कचरा येतो म्हणे.
पान खाली सरकवलं की खरखर,
माउस हलवला की खराखुरा उंदीर चिरकतो.

उरलं होतं.
गिटार विकली. अँप विकला.
एर्क्का ड्रम गाडीत घालून तुर्कूला गेला, नोकरीला.
ही करडी डबी तेवढी कुणी मागितली नाही.
जाड पुस्तकाएवढी, पुढे दोन मोठी भोकं,
एक तारांसाठी, एक माझ्या गळ्यासाठी.
आवाज मापाबाहेर गेला की भोकाभोवती लाल दिवा लागायचा.
माझा नेहमी लागायचा.

ओउलूत दुपारी तीनला रात्र झाली होती.
त्याच्या स्वयंपाकघरात, ब्रेडचे तुकडे बाजूला सारून,
मी डबी मांडली. ड्रायव्हर उतरेपर्यंत
त्याने दोनदा कॉफी केली.
आधी काहीच ऐकू येईना. तो माझ्याकडे बघू लागला,
मोडक्या वस्तू माणसं भेट म्हणून देतात, तसं.
मग लक्षात आलं, एक बटण अजून माझ्याच बाजूला फिरलेलं,
डबी अजून गाणारीची वाट बघत होती.
मी ते संगणकाकडे वळवलं.

व्हेयोचे हात हलले.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, चार नंबरच्या मशीनवर,
तिथे बोलणं म्हणजे खुणा.
कान झाकायला पहिली नऊ वर्षं काही मिळालं नाही,
मिळालं तेव्हा सवय उरली नव्हती.
आजही फोनवर बोलताना तो हवेत बोटं नाचवतो.
आता त्याची बोटं म्हणाली: थांब. गप्प. आहे.

जुना टँगो होता, एकट्या अ‍ॅकॉर्डियनचा.
भाता श्वास घेतो ते त्याने ऐकलं,
बटणांवर नखं वाजतात ते.
शेवटचा सूर विरल्यावर कुणीतरी खुर्ची मागे सारली,
ती खुर्ची त्याने चारदा ऐकली.
"हा माणूस उठून गेला," तो म्हणाला,
"आणि इतकी वर्षं मला वाटायचं, गाणं संपलं."

मग कपाळाला आठी.
"अजून येतोय. बारीक. शिट्टीसारखा."
मी केबल दुसऱ्या भोकात घातली.
आवाज शून्यावर आणला.
शेवटी केबलच उपटली. डबीचा हिरवा दिवा विझला.
"आता?"
"आता पण."
मी त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला.
फ्रिज घरघरत होता. खाली रस्त्यावर
बर्फ ओढणारा ट्रॅक्टर मागे येत होता, टीं टीं करत.
"आता?"

त्याने उत्तर दिलं नाही.
उजवा हात वर केला, अंगठा मुडपून,
चार बोटं.

गिरणी बंद झाली तेव्हा ते मशीन खिळा न् खिळा सुटं करून
कंटेनरांत भरून कुठल्याशा दूर देशात नेलं होतं.
एवढा एक भाग न्यायचा राहून गेला होता.

मला वाटलं, आता हा डबी परत देईल.
त्याने केबल स्वतःच लावली,
खुर्चीपासून नाही, पहिल्यापासून टँगो लावला,
आवाजाचं बटण जरासं उजवीकडे नेलं,
शेजारी बसलेल्यालाही ऐकू जावं
इतपत.

निघताना हातात लाल बोरांच्या मुरंब्याची बरणी दिली.
"ती दोन भोकं कशाला असतात?"
"बोलायला," म्हटलं.
"हं," तो म्हणाला, "असू देत."

दुसऱ्या जिन्यावर मी थांबले.
बरणी छातीशी धरून स्वतःच्याच कानांचा कानोसा घेतला.
आमचीही चार वर्षं तळघरातच गेली होती, कान उघडे टाकून.
बारीकसं काहीतरी होतं.
जिन्यातल्या दिव्याचीही गुणगुण असेल.
दिवा दोन मिनिटांनी आपोआप विझतो.
थांबले असते तर कळलं असतं.

थांबले नाही.