सहावा कप

सर्किट हाऊसची लांब खोली.
पाच माननीय, एक मी,
आणि टोक केलेल्या माझ्या तीन पेन्सिली.
समितीची तिसरी बैठक. ग्वाल्हेर. मे महिना.
कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास
आणि मोटर मध्येच अडखळणारी,
घशात काही राहिल्यासारखी.

लघुलिपीत दाबाला महत्त्व.
रेघ हलकी काढली तर प,
तीच दाबून काढली तर ब.
एकतीस वर्षं हाताला हेच शिकवलं,
कुठं दाबायचं.

ती डबऱ्याहून बसनं आली होती.
रामसखी, बचत गटाची हिशेबनीस.
हिशेबाची वही बरोबर, का कोण जाणे.
बोलताना मांडीवर उघडून धरी,
जणू तारखा तिथंच आहेत.
तारखा होत्याही.

ती हिंदीत सांगत होती,
मी हिंदीत लिहीत होते
आणि घाबरत होते मराठीत.

पाचांपैकी कुणी वाईट होतं असं मी म्हणणार नाही.
अध्यक्ष भले गृहस्थ.
दोनदा म्हणाले, बेटी, सावकाश.
समोरच्या पक्षाचे सदस्य तेवढे
तिचं वाक्य खाली पडू देत नव्हते,
लिलावात बोली लावावी तसे,
हे घ्या लिहून, हेही घ्या.
त्यांना ती नको होती.
त्यांना नोव्हेंबर हवा होता.
समितीत बाई एकच, मुरारच्या.
त्यांनी काही विचारायला तोंड उघडलं
आणि चष्मा पुसला.
तिकिटं अजून जाहीर व्हायची होती.

मग चहा आला.
हरकिशननं सवयीनं सहा कप मांडले.
पाच साखरेचे.
सहाव्याच्या बशीत चमचा पालथा,
म्हणजे बिनसाखरेचा.

कुणीतरी हसलं,
'अरे, ते आज कुठले...'
आणि ते हसू टेबलावरच राहिलं,
कुणी उचलेना.

मागच्या अधिवेशनापर्यंत ते याच समितीत होते.
त्यांची साखर सगळ्यांना पाठ.
एकाच्या मुलीच्या लग्नात ते पहाटेपर्यंत मांडवात उभे,
दुसऱ्याच्या बायपासला रक्त देणारी पोरं
त्यांनीच जीपमधून धाडलेली.
हे खोटं नाही.
खोटं असतं तर चौकशी सोपी होती.

अध्यक्ष म्हणाले, वाया कशाला, यांनाच द्या.
मनापासून म्हणाले.
कप तिच्यापुढं सरकला.

तिनं कपाकडं पाहिलं.
मग पालथ्या चमच्याकडं.
ही खूण तिला कुणी सांगावी लागली नाही.
सर्किट हाऊसबाहेरच्या कुठल्यातरी खोलीत
तिनंही कधी तो तसाच ठेवला असणार.
वही मिटली.

त्यानंतर किती वेळ कुणी बोललं नाही
हे इतिवृत्तात नाही.
शांततेला लघुलिपीत खूण नसते.
शब्द थांबले की पेन्सिल थांबते,
तसा नियमच आहे.

टंकलेखनात मी एक ओळ घातली,
साक्षीदाराने चहा घेतला नाही.
सचिवांनी लाल पेन फिरवलं. असंबद्ध.
मी म्हटलं, बरं.
माझी पेन्शन अठरा महिन्यांवर आलीय.
मीही त्याच टेबलाशी बसते,
दाराबाहेर नाही.

लघुलिपीची वही
प्रत मंजूर झाली की नष्ट करायची असते.
माझी दाणाओळीतल्या घरी, विजेच्या बिलांखाली आहे.
करेन नष्ट.
तिच्यात त्या दुपारच्या पानावर
एक रेघ आहे,
केव्हा काढली आठवत नाही,
इतकी दाबून
की मागच्या तीन पानांवर वळ उठलाय.
परवा उजेडात धरून वाचायला गेले.

प नाही.
ब नाही.