श्वास रोखा

चौतीस वर्षं मी मेडिकलच्या तळमजल्यावर
लोकांच्या छातीचे फोटो काढले.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या.
रोखा.
आणि शिशाच्या पडद्याआड जाऊन बटण दाबलं.
फासळ्या पाठ झाल्या,
चेहरे बाकावर रांगेतच राहिले.

आता गोरेवाड्याच्या काठाशी, पौषातल्या पहाटे,
भाच्याची लांब लेन्स गुडघ्यावर घेऊन
ज्यांच्यापुढे बसले आहे
ती दोघं माझं काही ऐकत नाहीत.

"थे पाहा मॅडम, लव्हाळ्याच्या डाव्या अंगाला,"
फाटकावरचा उईके कुजबुजतो.
"दोघंच राहतात. तिसरं आलं का हाकलते बाप्पा."
बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघते.
माझ्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास.
पलीकडे कोराडीच्या चिमण्या
धूर सोडत उभ्या;
पक्ष्यांच्या यादीत त्या कुणी धरत नाही.

हळदी-कुंकू बदक.
काळ्या चोचीच्या टोकाला हळद,
मुळाशी, डोळ्यांच्या अलीकडे, कुंकवाचे दोन ठिपके.
पुस्तकात लिहिलंय: नर-मादी दिसायला जवळपास सारखीच,
नराचं कुंकू जरा अधिक ठळक.
हे मी दोनदा वाचलं.
पेन्सिलीने खूण करून ठेवली.

आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत
जिन्यावर साड्यांची सळसळ असते.
वाणात कधी डबे, कधी चमचे, यंदा गाळण्या.
माझ्या दाराशी पावलं थोडी हळू होतात
आणि वरच्या मजल्यावर जातात.
जिन्यात भेटल्या की तीळगूळ देतात, गोड बोला म्हणतात.
मी बोलते गोड.
राग नाही.
गाळणी आहे माझ्याकडे.

सात वाजून दहा मिनिटं.
ऊन झाडांवरून खाली उतरतं, पाण्याला लागतं.
नर सावकाश उजेडात येतो,
त्याच्या मागे एका वल्ह्याच्या अंतरावर ती.
दोघांच्या रेघा पाण्यात एकमेकींत शिरतात.
आणि माझ्या लक्षात येतं,
हनुवटी माझीच वर झालीय,
खांदे माझेच पुढे,
रोखलाय तो श्वासही माझाच.

क्लिक.
तिने डोकं बुडवलं. शेपटी आभाळात,
दोन नारिंगी पाय हवेत वल्हवताहेत.
क्लिक.
आता तो बुडाला.
क्लिक, क्लिक, नुसतं पाणी,
लव्हाळं, पाणी,
एका पंखाचा पांढरा तुकडा.

हललेल्या पेशंटची फिल्म आम्ही ठेवत नसू.
कोपऱ्यात लाल पेनने लिहायचं: परत.
आणि माणूस पुन्हा थंड प्लेटला छाती लावायचा,
आपलंच काही चुकलं अशा चेहऱ्याने.
इथे परत म्हणजे उद्या.
उद्याही त्यांची मर्जी असेल तर.

एकशे अठरा फोटो.
अकरांत दोघं.
दोघांचे चेहरे फक्त एकात.
त्यातही ती ऐन वेळी वळली आहे;
तो स्वच्छ, ठिपक्यासकट, पीस न् पीस मोजून घ्यावं असा,
आणि तिच्या कुंकवाच्या जागी
एक तांबूस फराटा,
घाईत कुणी बोट फिरवल्यासारखा.

बाकीचे पुसले. हा ठेवला.

उईके अंगठा पँटला पुसून कॅमेरा हातात घेतो,
छोट्या पडद्यावर डोळे बारीक करतो,
बराच वेळ.
"मागचं बाभळीचं झाड लय साजरं आलं मॅडम."

मी पाण्याकडे पाहते, तर तिथे कुणी नाही.
लव्हाळं हलून थांबतंय.

एकदा एका म्हाताऱ्याला
'सोडा' म्हणायचं विसरले होते.
दुसरी प्लेट घेऊन परत आले तर
तो तसाच उभा, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी,
माझ्या शब्दाची वाट बघत.